फसलेला वध आणि उरलेला वाचक : ओर्सिनी प्रकरणातील संहितांचे तौलनिक वाचन

१

१४ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी पॅरिसच्या र्‍यू ल पल्तिए या रस्त्यावरील ऑपेरागृहासमोर तिसर्‍या नेपोलियनच्या गाडीवर तीन बाँब फेकण्यात आले. सम्राट आणि सम्राज्ञी बचावले. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांपैकी आणि घोडदळाच्या शिपायांपैकी आठ जण मरण पावले, सुमारे दीडशे जखमी झाले. कटाचा सूत्रधार फेलीचे ओर्सिनी हा १८४९ च्या रोमन प्रजासत्ताकाच्या संविधानसभेचा सदस्य होता. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील मांतुआ येथील तुरुंगातून १८५६ मध्ये तो पळाला होता आणि त्या पलायनाच्या कथेने इंग्लंडमध्ये त्याला लेखक व व्याख्याता म्हणून नाव मिळवून दिले होते. सोबत पिएरी, रुदिओ आणि गोमेझ हे तिघे होते. १३ मार्च १८५८ रोजी ओर्सिनी आणि पिएरी यांचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत ही घटना साधारणपणे दोन परिणामांच्या रूपाने येते. पहिला परिणाम म्हणजे ब्रिटन व फ्रान्स यांच्यातील राजनैतिक पेच आणि त्यातून झालेले पामर्स्टन मंत्रिमंडळाचे पतन. दुसरा म्हणजे काव्हूर आणि तिसरा नेपोलियन यांची प्लाँबिएर येथील गुप्त भेट आणि १८५९ चे ऑस्ट्रियाविरुद्धचे युद्ध. या दोन्ही परिणामांची कारणमीमांसा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. साहित्याभ्यासाच्या दृष्टीने मात्र एक वेगळीच गोष्ट लक्ष वेधून घेते. हे दोन्ही परिणाम बाँबमुळे जितके घडले तितकेच पत्रांमुळे घडले. एका पत्राला उत्तर दिले गेले नाही म्हणून लंडनमध्ये मंत्रिमंडळ पडले. दुसर्‍या पत्राला उत्तर दिले गेले, ते प्रकाशनाच्या आणि पुढे युद्धाच्या रूपाने.

राजकीय हत्या यशस्वी झाली तर ज्याला उद्देशून ती कृती केली जाते तो संबोधितच नाहीसा होतो. फसली तर तो उरतो, आणि त्याला त्या कृतीचा अर्थ लावावाच लागतो. फसलेली हत्या अशा रीतीने आपल्या लक्ष्याचे रूपांतर वाचकात करते. प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे. या प्रतिपादनाला जोडून एक अस्वस्थ करणारा प्रश्नही येतो : सम्राट वाचक झाला, ओर्सिनी लेखक झाला, मग रस्त्यावर पडलेल्या आठ माणसांचे या संहितांत काय झाले?

२

घटनेचे नामकरण हा तिच्या अन्वयार्थाचा पहिला टप्पा असतो. मराठीत 'वध', 'हत्या' आणि 'खून' हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. कंसाचा वध होतो, अफझलखानाचा वध होतो. त्या शब्दात कृतीला मिळालेली नैतिक संमती आधीच अंतर्भूत असते. 'खून' हा न्यायालयाचा आणि पोलिसांच्या पंचनाम्याचा शब्द आहे. 'हत्या' त्या दोहोंच्या मधोमध उभी राहते, पण तिच्यावर गोहत्या, ब्रह्महत्या अशा जोडशब्दांतून आलेली पापाची छाया आहे. फ्रेंचमध्ये 'आतांता' हा शब्द असा आहे की त्यात सफल आणि असफल हा भेदच मावळतो. शासनसत्तेवर हात उचलणे हाच तिथे अपराध. इंग्रजी कायद्यात १८५८ साली पुढे आलेल्या विधेयकाच्या नावात मात्र सरळ 'खुनाचा कट' असे शब्द होते. इंग्लंडमध्ये अशा कटाची गणना तोवर सौम्य प्रतीच्या अपराधात होत असे; त्याला गंभीर गुन्ह्याचा दर्जा द्यावा असा पामर्स्टन यांचा प्रस्ताव होता. एकच कृती पॅरिसमध्ये राज्यसत्तेवरील घाला, लंडनमध्ये फौजदारी कलम आणि इटलीतील अनेकांच्या मनात वध, अशा तीन अर्थक्षेत्रांत एकाच वेळी वावरत होती. राजनैतिक पेचाचे एक मूळ या अननुवादनीयतेत आहे.

त्या संध्याकाळी ऑपेरागृहात रॉसिनीच्या 'विल्यम टेल'मधील भाग सादर व्हायचा होता, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्या ऑपेराचा आधार असलेल्या शिलरच्या नाटकात (१८०४) टेल हा जुलमी अधिकार्‍याला बाण मारून ठार करतो. मात्र शेवटच्या अंकात शिलर टेलसमोर सम्राटाचा खून करून आलेल्या योहानेसला उभा करतो आणि टेलकडून त्याचा धिक्कार करवतो. कुटुंबाच्या व भूमीच्या रक्षणासाठी केलेला वध आणि महत्त्वाकांक्षेपोटी केलेला खून यांच्यामध्ये नाटककाराला एक रेषा ओढायची होती. रॉसिनीच्या ऑपेरात (१८२९) हा प्रसंग नाही. रंगभूमीवरून गळालेली ती रेषा त्या रात्री रंगमंदिराबाहेरच्या रस्त्यावर पुन्हा प्रश्न होऊन उभी राहिली, असे म्हणता येईल.

या स्फोटाचा धक्का आणखी एका संहितेला बसला. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्या मुखवटानृत्याच्या प्रसंगी झालेल्या हत्येवर व्हेर्दी नेपल्ससाठी ऑपेरा रचत होता. सेन्सॉरची कुरबूर आधीपासूनच होती. जानेवारी १८५८ नंतर रंगमंचावर राजाची हत्या दाखवणे नेपल्सच्या दरबाराला अधिकच असह्य झाले. अखेर 'उन बाल्लो इन मास्केरा' १८५९ च्या फेब्रुवारीत रोमला रंगभूमीवर आला तेव्हा स्वीडनचा राजा अमेरिकेतील बॉस्टनचा गव्हर्नर झालेला होता. वसाहतीच्या गव्हर्नराची हत्या प्रेक्षकांना दाखवता येते, युरोपातील राजाची येत नाही. सेन्सॉरच्या या तडजोडीतून त्या काळच्या मान्य कल्पनेचा भूगोल जितका स्पष्ट दिसतो तितका एखाद्या राजकीय प्रबंधातूनही दिसणार नाही.

३

बाँबची कवचे बर्मिंगहॅममध्ये बनवून घेतलेली होती. कट लंडनमध्ये शिजला होता. ओर्सिनी फ्रान्समध्ये शिरला तो टॉमस ऑल्सप या इंग्रज गृहस्थाच्या नावाच्या पारपत्रावर. हा ऑल्सप म्हणजे कवी कोलरिजचा स्नेही आणि त्याच्या संभाषणांचा व पत्रांचा संग्रह १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारा संपादक. स्वच्छंदतावादी काव्यविचाराचा वारसा आणि बाँबने भरलेली पेटी यांच्यामध्ये एका पारपत्राचेच अंतर होते, ही बाब एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या निर्वासित संस्कृतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री वालेव्स्की यांनी २० जानेवारी १८५८ रोजी एक खलिता लंडनमधील आपल्या राजदूतामार्फत ब्रिटिश सरकारकडे पोहोचवला. त्याचा रोख असा की आश्रयाचा हक्क फ्रान्सलाही मान्य आहे. परंतु मारेकर्‍यांना आश्रय देणे हा त्या हक्काचा अर्थ असू शकतो काय? खलित्याची भाषा राजनैतिक शिष्टाचाराला धरून होती. प्रश्नार्थक वाक्यरचना हे तिचे मुख्य शस्त्र होते. मागणी केली की नकार देता येतो. प्रश्न विचारला की उत्तर न देणारा दोषी ठरतो. याच सुमारास 'मोनितर' या अधिकृत पत्रात फ्रेंच सैन्याधिकार्‍यांची सम्राटाला उद्देशून मानपत्रे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काहींत लंडनचा उल्लेख कटवाल्यांचे बीळ अशा आशयाने आला होता. खलित्याची संयत भाषा आणि मानपत्रांची दर्पोक्ती इंग्रज वाचकांनी एकत्र वाचली, आणि दुसरीच्या प्रकाशात पहिलीचा अर्थ लावला. संदर्भ बदलला की संहितेचा सूर बदलतो याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

पामर्स्टन यांच्या सरकारने खलित्याला लेखी उत्तर दिले नाही. सरळ विधेयकच आणले. विधेयक मांडण्याची परवानगी कॉमन्स सभागृहाने मोठ्या बहुमताने दिली. पण १९ फेब्रुवारी रोजी दुसर्‍या वाचनाच्या वेळी मिल्नर गिब्सन यांची उपसूचना २३४ विरुद्ध २१५ मतांनी संमत झाली आणि पामर्स्टन यांनी राजीनामा दिला. त्या उपसूचनेने खुनाच्या कटाचे समर्थन केले नव्हते. उलट त्या कृत्याविषयी तिने तिरस्कारच व्यक्त केला होता. तिचे म्हणणे एवढेच होते की कायदा बदलण्याआधी सरकारने त्या महत्त्वाच्या खलित्याला उत्तर द्यायला हवे होते. पत्रोत्तराचा राहून गेलेला शिष्टाचार राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न बनला. पुढे १७ एप्रिल रोजी कटातील सहभागाचा आरोप असलेल्या सिमॉन बर्नार याला लंडनच्या ज्यूरीने निर्दोष सोडले. बचावाचे वकील एडविन जेम्स यांचे गाजलेले भाषण ज्यूरीला पुराव्यापेक्षाही परकीय सत्तेच्या दडपणाचे स्मरण करून देणारे होते. ज्यूरीसमोर आरोपी एक होता. निकाल मात्र वालेव्स्कींच्या खलित्यावर लागला. तोवर डर्बी यांच्या नव्या सरकारने पत्रव्यवहार करून पॅरिसशी समेट साधलेला होता.

४

खलित्याची ही कथा उत्तर न मिळालेल्या पत्राची आहे. ओर्सिनीच्या पत्राची कथा तिच्या उलट आहे. ११ फेब्रुवारीला तुरुंगातून त्याने सम्राटाला लिहिलेले पत्र त्याचा वकील ज्यूल फाव्र याने न्यायालयात वाचून दाखवले, आणि सम्राटाच्या संमतीने ते 'मोनितर'मध्ये छापले गेले. ज्याला ठार मारायचे होते त्यानेच मारेकर्‍याचे पत्र आपल्या सरकारी पत्रात प्रसिद्ध करावे, हा जागतिक पत्रवाङ्मयातील विरळा प्रसंग आहे.

या पत्राची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पत्रलेखक स्वतःसाठी दयेची याचना करीत नाही. आपल्या देशाचे स्वातंत्र्य ज्याने चिरडले त्याच्यापुढे नमणार नाही असे तो सांगतो. हा उल्लेख अर्थातच १८४९ मध्ये फ्रेंच सैन्याने बुडवलेल्या रोमन प्रजासत्ताकाचा. त्यानंतर स्वर पालटतो. पहिल्या नेपोलियनच्या सैन्यात इटालियनांनी रक्त सांडल्याचे स्मरण दिले जाते. इटली स्वतंत्र होत नाही तोवर युरोपाची आणि स्वतः सम्राटाची शांतता हा भासच राहील असे बजावले जाते. मागणीही मोजूनमापून केलेली आहे : फ्रेंचांनी इटलीसाठी रक्त सांडावे असे नव्हे, तर जर्मनीने ऑस्ट्रियाला साह्य करू नये एवढे पाहावे. धमकी, आर्जव आणि मुत्सद्देगिरी ही तीन वाक्प्रयोजने या छोट्या पत्रात एकमेकांना सावरून धरतात. धमकी मरणाच्या दारातील माणसाची असल्यामुळे ती भविष्यवाणीसारखी ऐकू येते. आर्जव स्वतःसाठी नसल्यामुळे त्यात लाचारी येत नाही.

संबोधित कोण हेही महत्त्वाचे आहे. १८३१ च्या इटलीतील उठावात तरुण लुई नेपोलियनने भाग घेतला होता. ओर्सिनीचे वडीलही त्या उठावातले. म्हणजे पत्र सिंहासनावरच्या माणसाला लिहिलेले असले तरी ते त्याच्या आतील जुन्या बंडखोराला वाचायला दिलेले होते. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत 'अभिप्रेत वाचक' आणि 'प्रत्यक्ष वाचक' असा भेद केला जातो. येथे हे दोन वाचक एकाच देहात वसत होते, आणि पत्राची सारी शक्ती त्या दोघांना परस्परांसमोर उभे करण्यात होती.

दुसरे पत्र अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यात ओर्सिनी राजकीय हत्येच्या मार्गाचा निषेध करतो आणि इटलीच्या तरुणांनी त्या वाटेने जाऊ नये असे सांगतो. हे पत्र काव्हूर यांनी ३१ मार्च रोजी 'गाझेत्ता पिएमोंतेझे'मध्ये, म्हणजे पिएमोंतच्या अधिकृत पत्रात, छापले. या पत्रांच्या लेखनात, विशेषतः दुसर्‍याच्या, इतरांचा हात किंवा आग्रह असावा अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. शंका खरी असो वा नसो, तिने मूळ मुद्दा बदलत नाही, अधिक धारदार होतो. तुरुंगातले पत्र हे कधीच एकट्याचे लेखन नसते. कागद देणारा, पत्र बाहेर जाऊ देणारा आणि छापणारा हे सारे त्याचे सहलेखक असतात. ओर्सिनीच्या पत्राचे सहलेखक तर दोन सरकारे होती. २१ जुलै १८५८ रोजी प्लाँबिएर येथे काव्हूर आणि सम्राट यांनी युद्धाचा आराखडा ठरवला तेव्हा त्या संमतीला लोकमान्यतेची पार्श्वभूमी या प्रकाशित पत्रांनी आधीच तयार करून ठेवली होती. १८५९ च्या युद्धात लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या हातून गेली. १८६० मध्ये नीस आणि सव्हॉय फ्रान्सला मिळाले. १८६१ मध्ये इटलीचे राज्य घोषित झाले. रोममध्ये मात्र पोपच्या रक्षणासाठी फ्रेंच फौज १८७० पर्यंत टिकून राहिली. ज्या प्रजासत्ताकाच्या पाडावाचा सूड ओर्सिनीला घ्यायचा होता त्या नगरीपुरते त्याचे पत्र दीर्घकाळ अनुत्तरितच होते.

५

येथवरचे वाचन एका धोक्याच्या जवळ येऊन ठेपते. संहितांच्या देखणेपणात कृती धुऊन निघते. ओर्सिनीचे पत्र जितके उदात्त वाटू लागते तितकी रस्त्यावरची माणसे अंधुक होत जातात. खलित्यात ती राज्यसत्तेच्या अपमानाचा पुरावा म्हणून येतात, संसदेतील भाषणांत निषेधाच्या एका वाक्यापुरती येतात, आणि काव्हूर यांच्या राजकारणात त्यांना जागाच नाही. फ्रान्समध्ये तर त्यांच्या मृत्यूचा उपयोग २७ फेब्रुवारी १८५८ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यासाठी झाला. त्या कायद्याने जुन्या राजकीय विरोधकांना खटल्याशिवाय हद्दपार वा स्थानबद्ध करण्याचा अधिकार शासनाला दिला. त्यांचा या कटाशी संबंध असण्याची आवश्यकता नव्हती. बळी पडलेल्यांना पत्र लिहिणारा कोणी नव्हता आणि त्यांच्या नावाने उत्तर मागणारा खलिताही नव्हता.

ही उणीव भरून काढणारी संहिता जवळजवळ पन्नास वर्षांनी इंग्रजीत आली. जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' (१९०७) या कादंबरीचे बीज १८९४ मधील ग्रिनिचच्या स्फोटात आहे, हे सर्वश्रुत आहे. पण तिची राजनैतिक चौकट १८५८ च्या पेचाशी अधिक जुळते. एका परकीय वकिलातीतील अधिकारी व्ह्लादिमिर याला लंडनचे निर्वासितांविषयीचे औदार्य खुपते आणि इंग्रजांना दडपशाहीकडे वळवण्यासाठी तो आपल्या हस्तकाकरवी स्फोट घडवू पाहतो. वालेव्स्कींनी स्फोटानंतर खलिता पाठवला. व्ह्लादिमिरला खलित्याऐवजी स्फोटच पाठवायचा आहे. १८५८ मध्ये जो परिणाम होता तो कॉनरॅडच्या हाती हेतू झाला. हत्येचा प्रयत्न आणि त्याचे राजनैतिक फलित यांच्यातील कार्यकारणभाव असा उलटा करून कॉनरॅडने त्या संपूर्ण व्यवहारातील भाषेचा मुखवटा काढून टाकला.

त्याहून महत्त्वाचे हे की या कादंबरीत मरतो तो स्टीव्ही, ज्याला ना राजकारण कळते ना राजनीती. पोलीस अधिकारी हीट त्याच्या देहाचे अवशेष पाहतो, आणि कोटाच्या कॉलरवर शिवलेल्या पत्त्याच्या चिंधीवरून सत्याचा माग लागतो. ओर्सिनी प्रकरणात पत्राला पत्ता होता, प्रेतांना नव्हता. कॉनरॅडने पत्ता प्रेतावर शिवला. तो पत्ता घराचा आहे, आणि तिथे वाट पाहणारी बहीण विनी आहे. तिच्या बाजूने पाहताच वकिलातीतील सारे संभाषण क्षुद्र वाटू लागते. तौलनिक वाचनाचे प्रयोजन या ठिकाणी सिद्ध होते. प्रभाव आणि स्वीकार यांची नोंद तर ते करतेच. एका संहितेतील मौन दुसर्‍या संहितेच्या साहाय्याने ऐकणे हेही त्याचे काम आहे.

६

१९०७ हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी वि. दा. सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत आणलेले मॅझिनीचे आत्मचरित्र पुण्यात प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने ते जप्त केले. भारतीय भाषांत इटलीचा स्वातंत्र्यलढा आला तो मुख्यतः मॅझिनीच्या द्वारे. सुरेंद्रनाथ बॅनर्जींची व्याख्याने आणि लाला लजपतराय यांचे उर्दू चरित्र ही त्याची अन्य प्रांतांतील उदाहरणे होत. या स्वीकारात गुरू आला. त्याच्यापासून दुरावलेला ओर्सिनी बहुतांशी कडेलाच राहिला. वास्तविक १८५८ च्या आधीच दोघांत बेबनाव झाला होता आणि त्या कटात मॅझिनीचा सहभाग नव्हता. प्रेरणेचे वाङ्मय आदर्श चरित्राला जवळ करते. फसलेल्या कृतीचा कटू हिशेब त्याला सहसा पेलत नाही.

तरीही आश्रयाचा प्रश्न मराठी इतिहासाच्या वाटेवर पुन्हा आला. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकर बोटीतून निसटले, फ्रेंच भूमीवर पकडले गेले आणि ब्रिटिश अधिकार्‍यांच्या स्वाधीन केले गेले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात कैदी परत करण्यात अनियमितता झाल्याचे मान्य करण्यात आले, पण ब्रिटनवर त्याला परत पाठवण्याचे बंधन नाही असे ठरले. १८५८ मध्ये आश्रयाची पवित्रता सांगणारे राष्ट्र आणि तिला मर्यादा घाला म्हणणारे राष्ट्र यांनी अर्ध्या शतकानंतर जागांची अदलाबदल केली होती. दोन्ही वेळी तत्त्वाची भाषा तीच होती. बोलणारी तोंडे बदलली होती.

फसलेल्या हत्येचे राजनैतिक परिणाम केवळ बळाच्या वा हितसंबंधांच्या गणिताने उलगडत नाहीत. कोणाचे पत्र वाचले जाते, कोणाचे अनुत्तरित ठेवले जाते आणि कोणाला पत्र लिहिण्याची संधीच मिळत नाही, या तीन प्रश्नांनी ते घडतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्यांत मिळतात. तिसर्‍याचे उत्तर तिथे नाही. र्‍यू ल पल्तिएवर मरण पावलेल्या माणसांविषयी खलिते जिथे थांबतात तिथून कादंबरीला सुरुवात करावी लागते, आणि समीक्षेला ओर्सिनीच्या पत्राचे सौंदर्य नाकारता आले नाही तरी ते कोणाच्या मौनावर उभे आहे याची नोंद प्रत्येक वाचनात करावी लागते.